सातवं कलम

ओपल हेंड्रिक्स रस्त्याच्या मधोमध हात पसरून उभी राहिली, तेव्हा तिच्यापुढे दोन घोडे होते. घोड्यांमागे गवत कापायचं यंत्र होतं, आणि यंत्रावर बसलेला तरुण तिच्याकडे पाहतच नव्हता. तिने तीनदा हाक मारली. शेवटी घोडेच शहाणे निघाले आणि आपणहून थांबले.

"ऐकू येत नाही का तुम्हाला?"

"डाव्या बाजूने नाही," तो शांतपणे म्हणाला. "उजवीकडून या, मग सगळं ऐकतो. रागावलेलंसुद्धा."

ओपल मुकाट्याने वळसा घालून उजवीकडे गेली, आणि गेल्यावर तिच्या लक्षात आलं की आपला राग निम्मा वाटेतच सांडला. तिच्या पाठीमागे कुंपणाला टेकून क्विल क्रीकच्या शाळेची बावीस मुलं उभी होती. प्रत्येकाच्या हातात कांद्याचं जाळीदार पोतं होतं. सगळ्या मुलांचे डोळे मोठे झाले होते.

सप्टेंबर १९४४ चे दिवस होते. मिशिगनच्या उत्तरेला त्या महिन्यात रस्त्याकडेची रानरुई पिकायला लागते. बोंडं फुगतात, आतला रेशमी कापूस दाटतो. एरवी त्या कापसाच्या म्हातार्‍या वार्‍यावर सोडण्यापलीकडे कुणाला त्याचा उपयोग नव्हता. पण युद्ध पेटलं, सावरीचा कापूस जिथून यायचा ती बेटं जपानने घेतली, आणि खलाशांच्या जीवरक्षक जाकिटांत भरायला काही उरलं नाही. मग सरकारने शाळाशाळांना कळवलं की रुईची बोंडं गोळा करा. दोन पोत्यांत एक जाकीट, म्हणजे एक जीव वाचतो. ओपलबाईंनी हे गणित फळ्यावर लिहून ठेवलं होतं, आणि मुलं शाळा सुटली तरी घरी जायला तयार नव्हती.

"ही रुई कापायची नाही," ती म्हणाली.

"तालुक्याचा तण-तपासनीस आहे मी. हार्लन स्ट्राउड." त्याने टोपी काढली. "रुई हे तण आहे, दिसेल तिथे कापावं, असा सरकारी हुकूम आहे."

तिने पिशवीतून घडी केलेलं पत्रक काढलं. "आणि रुई जपावी, असा हा हुकूम. हाही सरकारीच."

त्याने पत्रक वाचलं. दोनदा वाचलं. ओठांच्या कोपर्‍यात काहीतरी हललं... "एकाच सरकारचे दोन हुकूम. मी पाळू कोणता?"

"जो समोर उभा राहून सांगतोय तो."

मुलं खदखदून हसली. हार्लनने लगाम ओढून यंत्र मागे वळवलं. "आज सोडतो. उद्या पुलापलीकडची कापणार आहे."

"उद्या मी पुलापलीकडे उभी असेन."

"मग उद्या येतोच," तो म्हणाला, आणि टोपी घालायची विसरून तशीच मांडीवर ठेवून निघून गेला.

तो जुलैतच इटलीहून परतला होता. तोफेशेजारी दीड वर्ष काढलं आणि डावा कान तिथेच राहिला. गावातल्या पोरी त्याच्याविषयी पुष्कळ बोलत. तो मात्र कमी बोलायचा. ओपलसमोर तो इतका कसा बोलला, याचं मुलांच्या आयांनाही नवल वाटलं, कारण संध्याकाळच्या आत सगळा संवाद प्रत्येक घरी शब्दशः पोहोचला होता.

ऑक्टोबरच्या पहिल्या शुक्रवारी शाळेत टोपल्यांचं जेवण होतं. बायकांनी जेवणाची टोपली सजवून आणायची, नाव गुप्त ठेवायचं, पुरुषांनी बोली लावायची, आणि जिंकणार्‍याने टोपलीवालीबरोबर बसून जेवायचं. त्या वर्षी ओपलने ठरवलं की बोली पैशांची नाही, रुईच्या पोत्यांची. ती कल्पना सगळ्यांना आवडली. निळ्या फडक्याची टोपली पुढे आली तेव्हा ती कुणाची हे कुणालाच ठाऊक नसायला हवं होतं. पण अख्खा वर्ग त्या टोपलीकडे आणि मग हार्लनकडे असा आळीपाळीने पाहू लागला, की गुपित राहिलंच नाही. पेंडीच्या दुकानातला एल्मर नऊ पोत्यांवर गेला. हार्लन म्हणाला, चौदा.

जेवताना त्याने तळलेल्या कोंबडीची तारीफ केली, मधात केलेल्या सफरचंदाच्या 'पाय' नावाच्या गोड पक्वान्नाची केली, लोणच्याचीही केली. मग तारीफ करण्यासारखं टोपलीत काही उरलं नाही, तेव्हा तो तिच्या हाताकडे पाहत राहिला. बोटांना खडूची पांढरी भुकटी लागलेली होती. सणाच्या कपड्यांतही ती तिला पुसायची राहिली होती.

"शनिवारी आणतो पोती," तो म्हणाला.

शनिवारी त्याने खरंच चौदा पोती शाळेच्या पायरीवर रचली. ओपलने एक बोंड उचललं, अंगठ्याने शिवणीवर दाबून उकललं. आतल्या बिया पांढर्‍याशुभ्र होत्या. दुसरं उकललं. तेही तसंच. आठ पोती कच्च्या बोंडांची निघाली. ओल्या कापसाला चार दिवसांत बुरशी धरली असती.

"बी तपकिरी झाल्यावर तोडायचं असतं, स्ट्राउडसाहेब. ही सगळी फुकट."

तालुक्याचा तण-तपासनीस कानापर्यंत लाल झाला. "रुई मारायची कशी हे मला बारा प्रकारे येतं. ती पिकते कधी... हे मात्र कुणी शिकवलं नाही."

"मग पहिलीत बसा."

तिने थट्टा केली होती, पण तो खरोखर बसला. सहा वर्षांची डोना क्लेम त्याच्यापुढे उभी राहिली आणि गंभीरपणे सांगू लागली की बोंड असं धरायचं, इथे दाबायचं, आणि बी पाहायची. पांढरी असली तर म्हणायचं, झोप अजून. तपकिरी असली तर म्हणायचं, चल. हार्लनने प्रत्येक बोंडाला तसं म्हटलं. डोनाने पाठ दोनदा म्हणवून घेतला.

त्या दुपारी भुरभुर पाऊस आला. कुंपणावर वाळत घातलेली पोती दोघांनी पळतपळत ओसरीखाली आणली. ओपलचे केस गालाला चिकटले होते. रुईचं एक रेशमी पीस तिच्या पापणीवर बसलं होतं, आणि हार्लनने हात उचलला, तो अर्ध्यावर थांबला, मग त्याने नुसतंच बोटाने दाखवलं. ती हसली आणि तिने ते स्वतःच पुसलं.

"जहाजावर बारा दिवस असलं जाकीट उशाला घेऊन झोपत होतो," तो पावसाकडे पाहत म्हणाला. "आत काय भरलंय, हे एकदाही मनात आलं नाही. कुणाकुणाचे हात त्यात असतील, हे तर नाहीच."

त्या दिवसापासून ओपल त्याच्या उजव्या बाजूने चालू लागली, आणि आपण तसं चालतो हे तिला कळायलाही बरेच दिवस लागले.

मग हार्लन येत राहिला. कधी स्टोव्हची नळी काढून झाडायला, कधी फाटकाचं बिजागर बसवायला, कधी नुसता, आलोच होतो इकडे म्हणून. १९४५ च्या ऑगस्टमध्ये जपानने शरणागती पत्करल्याची बातमी रेडिओवर आली. शाळेला सुट्टी होती, तरी ओपल धावत जाऊन घंटेच्या दोराला लोंबकळली. तिच्यामागून अख्खं गाव आलं. प्रत्येकाने एकेक हिसका दिला. तीन वर्षं आठ महिने मनात दाबून ठेवलेलं सगळं त्या घंटेतून बाहेर पडत होतं. हार्लनची पाळी आली तेव्हा दोराला ओपलचे हात होतेच. त्याने आपले हात त्यांवर ठेवले, आणि दोघांनी मिळून घंटा वाजवली... दहा वेळा, वीस वेळा. मग मागच्या लोकांनी ओरडा केला तेव्हा त्याने हात काढून घेतले. डोळ्यांत सगळं होतं. तोंडातून मात्र एवढंच आलं की छान वाजते घंटा.

त्या वेळी विचारायला हवं होतं. त्याने विचारलं नाही. हिवाळा गेला, तरी विचारलं नाही. ओपलला वाटू लागलं की डोनाचा 'झोप अजून' हा धडा या माणसाने जरा जास्तच मनावर घेतला.

आता अडचण काय होती ते सांगायला हवं. शाळेच्या बाईंना दरवर्षी जुलैमध्ये नवा करार मिळे. त्यात सातवं कलम असं होतं: शिक्षिकेने लग्न केल्यास त्या दिवसापासून तिची नोकरी संपली. गावात ते कलम एझ्रा प्रूइटसाहेब जपत. सफरचंदांच्या बागांचे मालक, मनाने सरळ, पण एकदा बसले की न हलणारे. सत्तावीस वर्षं ते शाळेच्या पंचांचे प्रमुख होते. ओपलने सलग चार जुलै त्या करारावर सही केली होती, कारण तोवर सोडण्यासारखं काही नव्हतं. आणि शाळा... शाळा तिला जीव की प्राण होती. तोतरं बोलणारी मुलं तिच्याकडे येऊन कविता म्हणत. शिक्षक युद्धावर गेले म्हणून आसपासच्या तीन शाळांना कुलूप लागलं होतं, आणि तिची एकटीची चालू राहिली होती.

१९४६ च्या मे महिन्यात हार्लन खिडकीची काच बसवत होता. ओपलने पाठीमागून, अगदी सहज विचारल्यासारखं विचारलं, "जुलैत पुन्हा करार येईल. काय करू?"

त्याचा हात थांबला. मग तो काचेकडेच पाहत म्हणाला, "सही करा."

तेवढंच. त्याने हत्यारं गोळा केली, टोपी घातली, आणि गेला. ओपल रिकाम्या वर्गात बराच वेळ फळा पुसत राहिली. फळ्यावर काहीही लिहिलेलं नव्हतं.

पुढचा दीड महिना तिने त्याला टाळलं. फाटक करकरलं तरी तिने कुणाला बोलावलं नाही. करार ठरवणार्‍या गावाच्या वार्षिक बैठकीच्या आदल्या दिवशी ती चेरी आणायला प्रूइटांच्या बागेत गेली, तेव्हा हेस्टर प्रूइटबाई शिडीवरून उतरल्या आणि टोपली भरता भरता म्हणाल्या, "ओपल, तो स्ट्राउडांचा हार्लन या वसंतात आमच्याकडे तीनदा येऊन गेला."

"कशाला?"

"सातवं कलम काढा म्हणून. तीनही वेळा एझ्राने नाही म्हटलं. तिसर्‍या खेपेला पोरगा म्हणाला, मग मी तिला विचारणार नाही. तिची शाळा माझ्यामुळे जाता कामा नये." हेस्टरबाईंनी एक चेरी तोंडात टाकली आणि बी चिमटीत धरून पाहिली. "मी आपली सांगतेय हो. मला कुणी सांगू नको म्हटलेलं नाही."

ओपल टोपली घेऊन घरी आली ती कोणत्या रस्त्याने, हे तिला नंतर आठवेना. सही करा, हे दोन शब्द तिने दीड महिना दगडासारखे छातीवर बाळगले होते. आता तेच शब्द तिने उलटून पाहिले, तर खाली भलतंच काही लिहिलेलं होतं.

जुलैच्या दुसर्‍या सोमवारी, संध्याकाळी सहाला, शाळेच्या एका खोलीत गाव जमलं. मोठी माणसं लहान बाकांवर गुडघे दुमडून बसली होती. एका कोपर्‍यात हेस्टरबाई सुरीने चेरी-पायचे तुकडे करत होत्या. हार्लन शेवटच्या बाकावर, भिंतीला टेकून. ओपलने त्याच्याकडे पाहिलं नाही.

प्रूइटसाहेबांनी जळणाचा, छपराचा विषय संपवला आणि करार हातात घेतला. शहरातला एक परतलेला सैनिक शिक्षक व्हायला तयार आहे, पण बाईंचं काम चांगलं आहे, तेव्हा पहिला हक्क त्यांचा, असं त्यांनी सांगितलं. मग रीतीप्रमाणे विचारलं, "मिस हेंड्रिक्स, येत्या वर्षात लग्नाचा काही विचार?"

दरवर्षी ती नाही म्हणायची आणि ते पुढच्या ओळीवर जायचे. यंदाही त्यांचं बोट पुढच्या ओळीवर गेलं होतं.

"आहे," ओपल म्हणाली.

खोलीत सुरीचा आवाजही थांबला. प्रूइटसाहेबांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. "हे नोंदवावं लागेल. कोणाशी?"

"ते... त्यांनी अजून विचारलेलं नाही."

आधी एक बाई हसली, मग सगळी खोली. हसणं ओसरेपर्यंत ओपल ताठ उभी राहिली. आणि मग मागे बाक सरकल्याचा आवाज आला.

"लिहा," हार्लन म्हणाला. "हार्लन स्ट्राउड. आणि विचारलेलं आहे, असंही लिहा. कारण मी आत्ता विचारतोय." तो तिच्याकडे वळला. "ओपल, माझ्याशी लग्न करशील?"

दोन वर्षांत तो तिला पहिल्यांदा अगं-तुगं करत होता, आणि तेही सार्‍या गावासमोर.

"करीन," ती म्हणाली. "आणि शाळाही करीन. दोन्ही." ती पंचांकडे वळली. "प्रूइटसाहेब, युद्ध चालू होतं तेव्हा मला कुणी विचारलं नाही की बाईमाणसाला एवढं झेपेल का. बावीस मुलं, लाकडं, स्टोव्ह, साडेतीनशे पोती. सगळं झेपलं. आता युद्ध जिंकलं, तर मी कमी झाले का? मी ऑगस्टमध्ये लग्न करणार. तुम्ही ठेवलंत तर सप्टेंबरच्या पहिल्या मंगळवारी ही शाळा उघडणार. ठेवायचं की नाही, ते तुम्ही ठरवा. मी नाही."

हार्लनने सातवं कलम काढण्याचा ठराव मांडला. लगेच कुरबुर सुरू झाली. एल्मर म्हणाला, लढून आलेल्या माणसाची नोकरी बाईने अडवायची का? तेव्हा डोनाचा बाप, रॉय क्लेम, काठीवर जोर देऊन उठला. तो फिलिपिन्सहून आला होता.

"लढून आलेला माणूस मी आहे, एल्मर. तू पेंड विकत होतास. मी निघालो तेव्हा माझ्या पोरीला एक अक्षर येत नव्हतं. तिकडे चिखलात मला तिच्या हातचं पत्र आलं, तेव्हा तिला कुणी शिकवलं होतं? माझ्या नावाने कुणाची नोकरी काढू नका."

मत उभं राहून द्यायची पद्धत होती. ठरावाच्या बाजूचे खिडक्यांकडे, विरुद्ध स्टोव्हकडे. बाकं कुरकुरली, माणसं सरकली. मोजणी झाली. खिडक्यांकडे सतरा, स्टोव्हकडे सतरा. बरोबरी झाली की ठराव पडतो, हे सगळ्यांना माहीत होतं. प्रूइटसाहेबांनी हातोडी उचलली.

"थांब, एझ्रा. मी राहिले."

हेस्टरबाई कोपर्‍यातून पुढे आल्या. हात अ‍ॅप्रनला पुसत त्या खोलीच्या मध्यावर थांबल्या.

"एकोणीसशे एकोणीस साली या खोलीत मी शिकवत होते," त्या म्हणाल्या. आवाज मुळीच चढलेला नव्हता. "तू फ्रान्सहून लढून आलास. आपलं लग्न झालं आणि त्या दिवशी मी खडू खाली ठेवला. त्याच साली तू हे कलम लिहिलंस, मला घरी बसायचं वाईट वाटू नये म्हणून. म्हणालास, आता नियमच आहे. नवरा मिळाल्याचं दुःख मला एक दिवस झालं नाही, एझ्रा. खडू ठेवल्याचं मात्र सत्तावीस वर्षं होतंय."

आणि त्या चालत खिडक्यांकडे गेल्या.

प्रूइटसाहेबांची हातोडी हवेतच राहिली. ते बायकोकडे असे पाहत होते, जणू ती एवढ्यात कुठल्या तरी गाडीतून उतरली होती. मग त्यांनी हातोडी हळूच टेबलावर ठेवली. आपटली नाही. लेखणी उचलून सातव्या कलमावर एक रेघ मारली, मग दुसरी, मग तिसरी, अक्षर दिसेनासं होईपर्यंत.

"अठरा विरुद्ध सतरा," ते खाकरून म्हणाले. "ठराव मंजूर."

जो गलका उठला त्यात चेरी-पायचे तुकडे कुणाला मिळाले, कुणाला नाही, कळलं नाही. रॉयने काठी छताकडे उंचावली. एल्मरनेसुद्धा हार्लनचा हात हातात घेतला, जरा जोरातच दाबला. ओपलने सही केली आणि गर्दीतून वाट काढत पायर्‍यांवर आली, तर हार्लन आधीच तिथे होता. जुलैचं लांबलेलं ऊन अजून कुरणावर पडलं होतं.

"मला आधी सांगायचंस की," तो म्हणाला. "मी निदान केस विंचरून आलो असतो."

"तू सांगितलंस का? तीनदा जाऊन आलास."

"सांगितलं असतं तर तू शाळा सोडली असतीस."

"नसती सोडली," ती म्हणाली. "तुलाही नसतं सोडलं. माझ्यावर एवढा तरी भरवसा ठेवायचा होतास."

त्याने मान खाली घातली. "चुकलं."

"किती चुकलं?"

"दोन वर्षं," तो म्हणाला, आणि या वेळी त्याचा हात अर्ध्यावर थांबला नाही. तिचा चेहरा दोन्ही तळव्यांत घेऊन त्याने तिचं चुंबन घेतलं. आतून खिडक्यांना नाकं लागली होती, हे दोघांनाही ठाऊक होतं. दोघांनीही पर्वा केली नाही.

सप्टेंबरच्या पहिल्या मंगळवारी नऊला पाच मिनिटं असताना स्ट्राउडांची गाडी शाळेपाशी थांबली. ओपल उतरली. वर्गात मुलं आधीच ओळीने उभी होती. नेहमीचं नाव घ्यावं तर ते आता खरं नाही, नवं घ्यावं तर जिभेला सवय नाही. क्षणभर सगळी चुळबुळली, एकमेकांकडे पाहिलं, आणि मग एका सुरात त्यांनी सोपं तेच म्हटलं.

"नमस्ते, बाई."

बाईंनी खडू उचलला.